सरासरीसोबत मागायचा दुसरा आकडा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कड्यावर महाबळेश्वर आहे आणि तिथे वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे आणि तिथे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर लोक वर्ष चांगले गेले असे म्हणतात. दोन्ही ठिकाणे एकाच जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात आणि त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर आहे. या दोन आकड्यांची बेरीज करून दोनने भागले, तर ३,००० मिलिमीटर येतात. गणित अचूक आहे, भागाकारात कुठेही चूक नाही, आणि तरीही ही संख्या महाबळेश्वरात पावसाळ्यापूर्वी कौले शाकारणाऱ्याच्या उपयोगाची नाही आणि माणमधल्या म्हसवडला बाजरी पेरणाऱ्याच्याही नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्र शिकवतो. दहावी उत्तीर्ण होऊन आलेल्या मुलांना मध्य, मध्यक आणि बहुलक या तिन्हींची सूत्रे पाठ असतात. वर्गीकृत वारंवारता सारणी दिली, तर गृहीतमध्याच्या पद्धतीने ती सफाईने उत्तर काढतात आणि पडताळूनही दाखवतात. पण या तिघांपैकी कोणते माप कुठे वापरायचे आणि का, असे विचारले की वर्ग शांत होतो. हा दोष मुलांचा नाही. ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादी संज्ञा जन्माला आली, तो प्रश्न त्यांच्यासमोर कधी ठेवलाच गेलेला नसतो. थेट व्याख्या येते, सूत्र येते आणि लगेच उदाहरणसंग्रह येतो. म्हणून मी वर्षाची सुरुवात पावसाच्या नोंदींनी करतो. पावसाविषयी आमच्या भागातल्या प्रत्येक मुलाचे काही ना काही मत असते, आणि मत असलेल्या माणसाला आकडा दाखवला की तो त्या आकड्याशी वाद घालतो. संख्याशास्त्र शिकायला हा वाद लागतो. त्या वादातून मला मुलांपर्यंत एकच सवय पोहोचवायची असते: कोणी सरासरी सांगितली, की तिच्यासोबतचा दुसरा आकडा मागायचा.

आधी सरासरीचे म्हणणे समजून घेऊ. एकूण बेरीज सर्वांना सारखी वाटून दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जे येईल ती सरासरी. पाठ्यपुस्तकात तिलाच मध्य म्हटलेले असते. तिचा एक गुणधर्म मुले सूत्राच्या घाईत विसरतात: प्रत्येक निरीक्षणातून सरासरी वजा केली, तर मिळणाऱ्या धन आणि ऋण फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. सरासरीच्या वरच्या फरकांची बेरीज जितकी, तितकीच खालच्या फरकांची, अशी ती जागा आहे. याच गुणधर्मामुळे एखादे फार मोठे निरीक्षण सरासरीला आपल्याकडे ओढून नेते, कारण त्या एकट्याचा मोठा धन फरक भरून काढायला इतर अनेकांना तिच्या खाली जावे लागते.

जिथे प्रश्न एकूण बेरजेचा असतो, तिथे सरासरीसारखे दुसरे माप नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणून एका हेक्टरवर १०,००० लिटर. पाणलोट क्षेत्राची सरासरी कळली आणि क्षेत्रफळ माहीत असले, की तिथे एकूण किती पाणी पडले हे गुणाकाराने निघते, आणि कोयना धरणाचा १०५.२५ टीएमसीचा साठा भरेल की नाही या हिशेबाची सुरुवात इथून होते. ते पाणी कोणत्या डोंगरावर जास्त पडले आणि कोणत्या खोऱ्यात कमी, याने साठ्याच्या बेरजेत मोठा फरक पडत नाही. धरणाला सरासरी चालते. शेतकऱ्याला ती चालत नाही, कारण त्याच्या शिवारात शेजारच्या तालुक्याचा पाऊस वाटून येत नाही.

याचे सर्वांत टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर. या दोन केंद्रांची सरासरी ५०९ मिलिमीटर येते. त्या दिवशी मुंबईत काय घडले हे या ५०९ वरून कोणालाही कळणार नाही. कुर्ला, कलिना आणि मिठी नदीच्या काठची वस्ती यांनी जे सोसले ते ९४४ मध्ये आहे, कुलाब्याच्या माणसाचा नेहमीसारखा पावसाळी दिवस ७४ मध्ये आहे, आणि ५०९ मध्ये या दोघांपैकी कोणीच नाही.

मध्यक समजावताना मी मुंबईहून सोलापूरला येतो. सोलापूरला वर्षभरात साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याला ३६५ ने भागले, तर दिवसाची सरासरी सुमारे २ मिलिमीटर येते. आता वर्षाच्या सगळ्या दिवसांचा पाऊस चढत्या क्रमाने मांडा आणि बरोबर मधला, म्हणजे १८३ वा आकडा पाहा. तो शून्य आहे, कारण वर्षाचे निम्म्याहून कितीतरी अधिक दिवस कोरडे जातात. सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, म्हणजे बहुलक, तोही शून्यच. एकाच शहराची, एकाच वर्षाची ही नोंद. मध्य २ सांगतो, मध्यक आणि बहुलक शून्य सांगतात, आणि तिघेही खरे आहेत. सोलापुरात उद्या पाऊस पडेल का, याविषयी दुसरी काहीच माहिती नसताना अंदाज करायचा झाला, तर शून्य हे उत्तर २ पेक्षा अधिक वेळा बरोबर येईल. वर्षभराचे पाणी किती, या प्रश्नाला मात्र शून्याचा काहीच उपयोग नाही. बहुलकाविषयी याहून जास्त सांगण्यासारखे नाही. चपलांच्या दुकानात कोणत्या मापाचा माल जास्त भरावा, असल्या प्रश्नांना तो पुरतो.

मध्य आणि मध्यक यांत असे अंतर पडले, की मोजलेल्या गोष्टीची वाटणी एका बाजूला लांबत गेलेली आहे, हे ओळखता येते. याचे पावसाइतकेच जवळचे उदाहरण जमिनीचे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील शेतजमीन धारणेची सरासरी १.०८ हेक्टर आहे. हा आकडा भाषणांत येतो, अहवालांत येतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात अडीच-पावणेतीन एकरांचा एक सर्वसामान्य शेतकरी उभा राहतो. पण त्याच गणनेत हेही आहे की दोन तृतीयांशांहून अधिक खातेदारांची जमीन एक हेक्टरपेक्षा कमी आहे. इथे मी मुलांना थांबवतो आणि विचारतो, की इतक्या माहितीवरून मध्यकाविषयी काय सांगता येईल? थोड्या वेळाने कोणीतरी म्हणते, ‘सर, मग मध्यक एक हेक्टरच्या आतच असणार.’ बरोबर आहे. दोन तृतीयांश खातेदार एका हेक्टरच्या खाली असतील, तर रांगेच्या बरोबर मध्यावर उभा असलेला माणूस एका हेक्टरच्या वर असूच शकत नाही. संपूर्ण सारणी न पाहता, एकही सूत्र न वापरता, मध्यकाविषयी एक पक्के विधान करता आले. असे एखादे विधान स्वतः करता आले, की संज्ञा त्या मुलाची होते.

आता त्या दुसऱ्या आकड्याकडे वळतो. मी फळ्यावर दोन गावे मांडतो. गावे काल्पनिक असतात, केवळ हिशेबासाठी. पहिल्या गावात पाच वर्षांचा पाऊस ४८०, ५१०, ५००, ४९० आणि ५२० मिलिमीटर. दुसऱ्या गावात २००, ८००, ३५०, ७०० आणि ४५०. दोन्ही गावांची सरासरी ५००, आणि मध्यक पहिल्याचा ५०० तर दुसऱ्याचा ४५०. सरासरीच्या भाषेत दोन्ही गावे जुळी आहेत. पण पहिल्या गावातला माणूस विहिरीसाठी निर्धास्तपणे कर्ज काढू शकतो आणि दुसऱ्या गावातल्या माणसाला २०० मिलिमीटरच्या वर्षी जनावरे छावणीत न्यावी लागतात. हा फरक आकड्यात पकडायचा कसा?

सर्वांत सोपी वाट म्हणजे कमाल आणि किमान यांतला फरक: पहिल्या गावात ४०, दुसऱ्यात ६००. पण हे माप फक्त दोन टोकांच्या वर्षांवर अवलंबून राहते आणि मधल्या सगळ्या वर्षांना काहीच विचारत नाही. मग प्रत्येक वर्षाचे सरासरीपासूनचे अंतर पाहावे, असे मुलेच सुचवतात. पहिल्या गावात ती अंतरे -२०, १०, ०, -१० आणि २० आहेत, बेरीज शून्य. दुसऱ्या गावात -३००, ३००, -१५०, २०० आणि -५०. बेरीज पुन्हा शून्य. सरासरीचा तो विसरलेला गुणधर्म इथे वाटेत येतो. चिन्हे काढून टाकावीत हा एक मार्ग आहे आणि तो पूर्णपणे योग्य आहे. त्याने पहिल्या गावाचे सरासरी अंतर १२ आणि दुसऱ्याचे २०० येते. दुसरा मार्ग वर्ग करण्याचा. पहिल्या गावाच्या वर्गांची बेरीज १,०००, पाचने भागून २००, त्याचे वर्गमूळ सुमारे १४. दुसऱ्या गावाच्या वर्गांची बेरीज २,४५,०००, पाचने भागून ४९,०००, वर्गमूळ सुमारे २२१. हे प्रमाण विचलन. दोन्ही गावांची सरासरी तीच, पण एकात नेहमीचा चढउतार १४ मिलिमीटरचा आणि दुसऱ्यात २२१ चा.

‘सर, चिन्ह काढून टाकणे सोपे असताना वर्ग कशासाठी?’ हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो यायलाच हवा. वर्ग केल्याने मोठी अंतरे अधिक जड होतात, आणि दुष्काळाच्या किंवा महापुराच्या हिशेबात मोठ्या अंतरांना जास्त वजन असणे बहुधा हवेच असते. दुसरे कारण अधिक खोल आहे. दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्रपणे बदलत असतील, तर त्यांच्या बेरजेच्या बाबतीत अंतरांच्या वर्गांच्या सरासऱ्या सरळ एकमेकींत मिळवता येतात. चिन्हे काढून टाकलेल्या अंतरांना हे जमत नाही. पुढचे सगळे संख्याशास्त्र या सोयीवर उभे आहे. आणि एखादे पुस्तक पाचऐवजी चारने भागायला का सांगते, हेही याच वेळी सांगून टाकावे. आपली सरासरी त्याच पाच वर्षांतून काढलेली असते. अंतरांची बेरीज शून्य असल्यामुळे चार अंतरे कळली की पाचवे आपोआप ठरते, म्हणजे स्वतंत्र माहिती चारच अंतरांची आहे. शिवाय कोणत्याही पाच आकड्यांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज त्यांच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजली तर सर्वांत लहान येते. गावाची खरी, अनेक दशकांची सरासरी त्या पाच वर्षांच्या सरासरीहून थोडी वेगळी असणार आणि तिच्यापासून मोजलेली बेरीज मोठी येणार. चारने भागल्याने ही तूट भरून निघते. नमुन्यावरून मोठ्या समूहाविषयी बोलायचे असेल तर एकने कमी करून भागावे, आणि हातातले पाच आकडे हाच संपूर्ण समूह असेल तर पाचने.

भारतीय हवामान विभाग जून ते सप्टेंबरच्या पावसाचा अंदाज देतो, तेव्हा तो दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत देतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली देशाची ही सरासरी ८७ सेंटीमीटर आहे, आणि ९६ ते १०४ टक्के पाऊस ‘सर्वसाधारण’ मानला जातो. जिल्ह्याच्या बाबतीत मात्र सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढा मोठा पट्टा सर्वसाधारण धरतात. एकाच विभागाने दोन मापे का वापरावीत? कारण देशाचा आकडा हाच अनेक जिल्ह्यांची सरासरी आहे. एकीकडे कमी पडले तर दुसरीकडे जास्त पडून काही अंशी भरपाई होते, म्हणून मोठ्या प्रदेशाच्या सरासरीचा चढउतार लहान असतो. देशाच्या मोसमी पावसाचे प्रमाण विचलन त्याच्या सरासरीच्या सुमारे १० टक्के आहे. २००२ मध्ये देशात १९ टक्के तूट आली आणि २००९ मध्ये २२ टक्के, आणि ही दोन्ही वर्षे देशभरच्या दुष्काळाची म्हणून नोंदली गेली. एखाद्या तालुक्याला १९ टक्क्यांची तूट दर दोन-चार वर्षांनी येते आणि तिथले लोक ती गृहीतच धरतात. तूट तीच, ती किती गंभीर हे तिच्याजवळच्या विचलनावरून ठरते. ‘यंदा देशात पाऊस सर्वसाधारण’ ही बातमी ऐकून माणच्या शेतकऱ्याने काय समजायचे, याचे उत्तर या परिच्छेदात आहे, आणि ते बातमी देणाऱ्यांनी दरवर्षी सांगावे असे मला मनापासून वाटते.

पण हे आकडे येतात कुठून? पर्जन्यमापकाचे तोंड सुमारे २०० चौरस सेंटीमीटरचे असते. एखाद्या महसूल मंडळाचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटर धरले, तर त्या मंडळाच्या पाचशे कोटी भागांपैकी एका भागावर पडलेले पाणी आपण मोजतो आणि त्यावरून सगळ्या मंडळाविषयी बोलतो. यालाच नमुना म्हणतात, आणि मंडळ ही त्याची समष्टी. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातले पाणी उकळून सगळे दाणे सारखे फिरलेले असतात. पाऊस असा ढवळलेला नसतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या दिवसांत एका शिवारात ढग फुटतो आणि ओढ्यापलीकडची माती कोरडी राहते. महाराष्ट्रात मंडळाच्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी धरली जाते. ज्याचे पीक डोळ्यांदेखत वाहून गेले पण मंडळाच्या केंद्रावर ४० मिलिमीटरच नोंद झाली, त्या शेतकऱ्याला नमुन्यातील त्रुटी म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळते. या त्रुटीवर पहिला उपाय म्हणजे मापके वाढवणे. एकमेकांपासून स्वतंत्र अशी चार मापके असतील तर सरासरीतली अनिश्चितता निम्मी होते, नऊ असतील तर एक तृतीयांश. इथे समष्टी केवढी मोठी आहे याला फारसे महत्त्व नाही, नमुने किती याला आहे. मुलांना हे सहज पटत नाही आणि त्यासाठी मी वर्गात वेळ राखून ठेवतो.

नमुन्याची दुसरी त्रुटी मात्र संख्या वाढवून जात नाही, आणि तिचा अभ्यास आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाने केला. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून रोमला गेले, पण त्याआधी १९४० च्या दशकात त्यांनी भारतात पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पाहणीने कसा काढावा यावर मूलभूत काम केले. शेतात यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही मर्जीने नव्हे तर संधीच्या नियमाने, एक तुकडा निवडायचा, तेवढ्यातले पीक कापून, मळून, वजन करायचे आणि त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढायचे, असा हा पीक कापणी प्रयोग. प्रश्न होता की तुकडा केवढा असावा. लहान तुकडे स्वस्त पडतात आणि पुष्कळ घेता येतात. सुखात्मे यांनी दाखवले की फार लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते. कारण साधे आहे: आखलेल्या रेषेवर जी रोपे येतात ती आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा कल ती आत धरण्याकडे असतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड जास्त लांब. असे हजार लहान तुकडे घेतले तरी हजारही जास्तीचेच उत्पन्न सांगतील. आकडे एकमेकांशी छान जुळतील आणि सगळे मिळून चुकीचे असतील. आज बहुतेक पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा घेतात, त्यामागे हा विचार आहे. कृषी विभागाचे कर्मचारी दोरी लावून शेतात चौकोन आखताना दिसले, की माझ्या विद्यार्थ्यांनी त्या रेषेवरच्या रोपांकडे पाहावे, असे मी त्यांना सांगतो.

संभाव्यतेचे प्रकरण पाठ्यपुस्तकात नाणी, फासे आणि पत्त्यांनी भरलेले असते. ते आवश्यक आहे, कारण तिथे सर्व शक्यता मोजता येतात. पण कोल्हापूर आणि सांगलीच्या मुलांनी २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वर्षांचे महापूर स्वतः पाहिलेले किंवा घरात ऐकलेले आहेत, आणि त्यांना ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाचा अर्थ माहीत असणे फाशांइतकेच गरजेचे आहे. त्याचा अर्थ, कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची संभाव्यता १ टक्का आहे, एवढाच. यंदा आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षे तो येणार नाही, असे कोणीही वचन दिलेले नाही. वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर पुराच्या रेषेत बांधलेल्या घरात तीस वर्षे राहणाऱ्याला तसा पूर एकदा तरी पाहावा लागण्याची संभाव्यता काढता येते. एका वर्षी पूर न येण्याची संभाव्यता ०.९९, तीस वर्षे सलग न येण्याची ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४, म्हणून एकदा तरी येण्याची २६ टक्के. शंभर वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता १०० टक्के नव्हे, सुमारे ६३ टक्के येते. हे गणित दहावीच्या मुलाला कळते. घराचा पाया घेण्यापूर्वी ते प्रत्येक घरात व्हायला हवे.

शेवटी सहसंबंध. पुण्यात शिवाजीनगरला शिमला ऑफिस चौक आहे; १९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्य कार्यालय शिमल्याहून तिथे आले, त्यावरून हे नाव. त्याआधी, १९०४ ते १९२४ या काळात, गिल्बर्ट वॉकर या विभागाचे प्रमुख होते. ते केंब्रिजचे गणिती होते आणि त्यांच्यासमोर एकच मोठा प्रश्न होता: यंदाचा मोसमी पाऊस कसा असेल, हे आधी सांगता येईल का? त्यांनी जगभरच्या केंद्रांवरचा हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी जमवल्या आणि कोणत्या दोन गोष्टी सोबत बदलतात हे सहसंबंध गुणांकाने तपासले. हा गुणांक -१ ते +१ यांच्या दरम्यान असतो. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने सरळ रेषेत बदलत असतील तर तो १ च्या जवळ जातो, उलट दिशेने बदलत असतील तर -१ च्या जवळ, आणि असे सरळ रेषेतले नाते नसेल तर शून्याजवळ राहतो. या शोधातून प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही घडते, हे नाते त्यांच्या हाती लागले. आज एल निनोविषयी, म्हणजे प्रशांत महासागराच्या पूर्वेकडचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याविषयी, आपण जे बोलतो, त्याचा पाया तिथे आहे.

सहसंबंध म्हणजे हमी नव्हे. २००२ आणि २००९ ही एल निनोची वर्षे होती आणि दोन्ही वर्षी देशात पाऊस फार कमी झाला. १९९७ चा एल निनो या दोन्हींपेक्षा कितीतरी प्रबळ होता, आणि त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या किंचित वरच राहिला. एल निनो आल्यावर कमी पावसाची शक्यता वाढते, इतकेच हे नाते सांगते. एखाद्या वर्षाचा निकाल ते लिहून देत नाही.

वॉकर यांना आणखी एक गोष्ट दिसली होती आणि १९१४ मध्ये त्यांनी ती लिहून ठेवली: पुष्कळ जोड्या तपासल्या, तर त्यांतली काही नाती केवळ योगायोगाने ठळक दिसतात. समजा, पावसाशी काडीचाही संबंध नसलेल्या वीस गोष्टी घेतल्या, आणि निव्वळ योगायोगाने पाच टक्के वेळा आढळेल इतके नाते दिसले की ते खरे मानायचे असे ठरवले. तर वीसही ठिकाणी काहीच न सापडण्याची संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. उरलेल्या ६४ टक्के वेळा एखादे तरी नाते ‘सापडते’. म्हणून ज्या वर्षांच्या नोंदींवरून नाते शोधले, ती वर्षे बाजूला ठेवून इतर वर्षांवर ते टिकते का, हे पाहावे लागते. माझे बारावीचे विद्यार्थी देशाच्या मोसमी पावसाची १९०१ पासूनची नोंद दोन भागांत वाटून घेतात, पहिल्या भागात मनाला येतील ती नाती शोधतात आणि मग तीच दुसऱ्या भागावर तपासतात. पहिल्या भागात ठळक दिसलेली बरीचशी नाती दुसऱ्या भागात राहत नाहीत, आणि त्या तासाला घंटा झाली तरी कोणी वह्या मिटत नाही.